शिशाची रेघ

फुंडे मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी नजर त्यांच्या धोतरावर अडकली. गुडघ्याखाली सगळीकडे बारीक बारीक भोकं, आणि एकूण एक भोक पांढऱ्या दोऱ्यानं इतकं नेटकं रफू केलेलं की लांबून ती नक्षीच वाटावी. ती भोकं अ‍ॅसिडच्या थेंबांची होती. मुलं त्यांना पाठीमागं 'चाळणी मास्तर' म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं, आणि त्यांची काही हरकत नव्हती.

"चाळणीतून पीठ खाली पडते अन् कोंडा वर राह्यते," ते मला म्हणाले होते. "वर्गातबी तसंच. वर उड्या मारून राहिला तो कोंडा."

लढाईच्या दुसऱ्या वर्षी मी वर्ध्याहून गोंदियाच्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवायला आलो. फुंडे मास्तर तिथं रसायन शिकवत. आम्हा दोघांची बिऱ्हाडं एकाच घरात होती, मधे एक भिंत. त्यांचं मूळ गाव बोदलकस्याच्या तलावाकडे. घरची धानाची शेती. घरात शाळा शिकलेले ते पहिले, आणि नागपूरला जाऊन शास्त्र शिकलेले तर त्या अख्ख्या टापूत पहिले असावेत. फळ्यावर इंग्रजी, मुलांशी, घरात आणि माझ्याशी झाडीबोली, बाजारात हिंदी, अशा तीन भाषा ते तीन टोप्यांसारख्या वापरत. मला ते 'पंडितजी' म्हणत. मी पंडित नव्हतो, पण ज्याला तराजू वापरता येत नाही तो त्यांच्या लेखी पंडितच.

त्यांची प्रयोगशाळा म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक कवेलूच्या छपराची खोली. दोन टेबलं, एक काचेचं कपाट, आणि तराजूसाठी भिंतीत बसवलेली फळी. तराजूला ते सोडून कुणी हात लावायचा नाही. वायूचा वास घ्यायचा तर नळीला नाक लावायचं नाही, हातानं थोडी हवा आपल्याकडे ओढायची, हे ते मुलांना पहिल्याच दिवशी शिकवत. पण सवय अशी मुरलेली की माझ्या बायकोनं एकदा मोगऱ्याची फुलं पुढे केली तर तिथंही ते हात हलवून वास घेऊ लागले. भागरथा वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दारात उभी होती. ती पदरात तोंड लपवून हसली. तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं ते बहुधा तेवढंच.

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. प्रयोगवही तपासताना ते पेन्सिल आपटत म्हणत, "दिसलं ते लिहा. वाटलं ते खोडा." एखाद्यानं 'तांब्यावर अ‍ॅसिड टाकल्यावर तपकिरी वायू निघाला' असं लिहिलं आणि प्रत्यक्षात त्याच्या नळीत काही झालंच नसेल, तर ते अख्खं पान फाडायला लावत. पुस्तकातलं खरं उत्तर खोटेपणानं लिहिण्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेली चूक बरी, असं त्यांचं म्हणणं.

हिशेब शिकवायची त्यांची रीत मी व्हरांड्यातून ऐकत असे. किती धातूला किती अ‍ॅसिड लागेल, काय उरेल, हे मुलांच्या डोक्यात शिरेना. मग ते विचारत, "नांगर तीन हायेत. बैल पाच. जोड्या किती जुपशील?"

"दोन, सर."

"मंग एक नांगर अन् एक बैल काय करतेत?"

"उभे राह्यतेत."

"तेच. अ‍ॅसिड सरलं का जस्त उभं राह्यते. आता लिही."

आणि पोरगं बरोबर लिही.

लढाई वाढली तसं मुंबई-कलकत्त्याहून सामान येणं थांबलं. विजेचा सेल दाखवायचा तर आत एक झिरपणारं भांडं लागतं, ते मिळेना. मास्तर कुंभारवाड्यात गेले आणि एका म्हाताऱ्या कुंभाराकडून अर्धवट भाजलेले आठ पेले करून घेतले. म्हातारा म्हणाला, "कच्चं कायले पायजे, गुरुजी? गळंल ते."

"गळलंच पायजे. पन हळू."

फुटक्या तांब्याच्या लोट्याचे पत्रे, निकामी टॉर्चसेलांची जस्ताची कवचं, बाजारातला मोरचूद. आठ सेल ओळीनं मांडून विजेच्या घंटीला जोडले, आणि त्या दिवशी त्यांनी कुंभाराला बोलावून पहिल्या बाकावर बसवलं. घंटी खणखणली तेव्हा म्हातारा उठला आणि टेबलाखाली वाकून कोण वाजवतं ते पाहू लागला. पोरं हसली. मास्तरांनी त्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "हा आवाज यायच्या हाताचा आहे. उठून नमस्कार करा." सगळा वर्ग उठला. असे दिवसही होते, हे सांगितलं पाहिजे. कारण पुढचं सगळं वेगळं आहे.

मॅट्रिकच्या मुलांना ओळखायला द्यायचे क्षार त्या वर्षी कपाटात उरले नव्हते. मास्तरांनी तोड काढली. प्रत्येकानं घरच्या पितळी गंजाची, म्हणजे पातेल्याची, कल्हई चाकूनं थोडी खरवडून पुडीत आणायची, आणि त्यात कोणता धातू आहे ते प्रयोग करून सांगायचं. उत्तर सोपं होतं. कल्हई कथलाची असते हे कुणालाही माहीत. मास्तरांना मुलांचा हात बसवायचा होता, एवढंच.

दुपारी ते माझ्या वर्गाच्या दारात आले. तास चालू असताना ते कधी यायचे नाहीत.

"पंडितजी, जरा इकडं या. हे काय दिसते तुमाले?"

लाकडी घोडीवर काचेच्या नळ्यांची रांग होती. बऱ्याच नळ्यांच्या तळाशी हळदीसारखा पिवळा गाळ बसला होता.

"पिवळं," मी म्हणालो.

"पिवळंच ना? मले एकट्याले तं नाई ना दिसून राहिलं?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मुलांना नळ्या धुवायला लावल्या आणि सगळं पुन्हा करवलं. खरवड नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये गरम करायची. कथील असेल ते पांढरी भुकटी होऊन खाली बसतं. वरचं पाणी गाळून त्यात गंधकाच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाकायचे. तिथं काहीच व्हायला नको होतं. पण तिथं पांढरा साका धरत होता, आणि त्यावर शेवटचं औषध, शिसं ओळखायचं क्रोमेट, पडलं की तो पिवळा होत होता. बावीस पुड्या होत्या. चौदांमध्ये शिसं निघालं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला ते समजावून सांगितलं. कथील यायचं मलायातून. मलाया जपान्यांनी घेतला. कथील बंद झालं, पण भांडी काळी पडायची थांबली नाहीत, आणि कल्हईवाल्याला पोट होतंच. शिसंही तसंच वितळतं, तसंच पसरतं, नवं असताना तसंच चमकतं. फरक एवढाच की आंबट लागलं की ते अन्नात उतरतं. "अन् आपल्याकडं रोज काय शिजते?" ते म्हणाले. "अंबाडी. कढी. चिंचेचं सार."

"लगेच काही होतं का?"

"लगेच झालं असतं तं बरं होतं. लोकायले समजलं असतं. हे वर्षानं समजते."

गल्लीत कल्हई करणारा सुकलू नावाचा म्हातारा होता, छत्तीसगडाकडचा. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. तो भात्यापाशी बसून एक परात तापवत होता. मास्तरांनी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"रांगा कहाँ से लाऊँ, मास्टरजी? ढूंढ के थक गया," तो म्हणाला. कथलाला तो रांगा म्हणे. "बाई लोग बोलती हैं, चमकना चाहिए. चमकता तो है."

"तुझ्या घरीबी हेच भांडे?"

"और कौन से होंगे?"

त्याचा उजवा हात परातीवरून कापसाचा बोळा फिरवताना लटपटत होता. मास्तर त्या हाताकडे पाहत राहिले. भांडायला म्हणून गेलेला माणूस तसाच परत आला.

त्यानंतर प्रत्येक रविवारी मास्तर घरोघर हिंडले. बरोबर एक पेटी, स्पिरिटचा दिवा आणि नायट्रिकची बाटली. ज्यानं दार उघडलं त्याच्या गंजाची खरवड तिथंच तपासायची आणि पिवळं आलं की सांगायचं, यात आंबट शिजवू नका. काहींनी ऐकलं. बहुतेकांनी नाही. एका बाईनं मला ऐकू जाईल असं शेजारणीला सांगितलं, "भांडं आरशावानी चमकून राहिलं, अन् मास्तर म्हनते जहर आहे. शिकून शिकून बिघडलं डोस्कं." एका मोठ्या घरात तर त्यांना ओसरीच्या पुढे येऊ दिलं नाही. स्वयंपाकघरातली भांडी परक्यानं कशी पाहायची?

आमचे हेडमास्तर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं. मी तिथंच होतो.

"फुंडे, ती नायट्रिकची शेवटची बाटली आहे. नवी कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. मॅट्रिकचं प्रात्यक्षिक तोंडावर आलंय."

"होय, सर."

"मग मुलांना प्रयोग कशानं करवणार?"

"मुलं फळ्यावर शिकतीन, सर. घरात मरतीन तं फळा कोनासाठी?"

हेडमास्तर म्हणाले, "ही शाळा आहे, दवाखाना नाही." पण बाटली त्यांनी काढून घेतली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

बाटली तळाला आली तेव्हा मास्तर आमच्या घरी आले. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि सारखं पोट धरून रडायची. माझी बायको कमल हिनं आमचा गंज पुढे केला. नळीत अ‍ॅसिडचे अखेरचे थेंब पडले. पिवळं आलं, आणि तेही गडद. कमलनं तो गंज तिथल्या तिथं परसात फेकला.

मग तिनं विचारलं, "आणि तुमच्या घरचा?"

"आमची कल्हई लढाईच्या आदीची," मास्तर म्हणाले. "माह्यासमोर झालेली."

भागरथा वहिनी त्या वेळी दारातच होती, ओटीत अंबाडीची पानं घेऊन. ती देठं खुडत राहिली. मास्तरांनी रिकामी बाटली उचलली आणि पेटी बंद केली.

आमची मुलगी तीन महिन्यांत खेळू लागली. आज ती आजी झाली आहे.

वहिनीचं पोट तेव्हाही दुखायचं. ती चेहऱ्यानं पिवळी पडली होती, पण बायका पिवळ्या पडतातच असं आम्ही सगळे धरून चाललो. दोन मुलं तिची जन्मण्याआधीच गेली होती. त्या हिवाळ्यात तिसरं गेलं. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलं. ती ते मुकाट्यानं घेई, सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी जेवायला बसे, आणि आदल्या दिवशीची गंजात उरलेली अंबाडी भातावर घेई. शिळं टाकायचं नाही, ही तिच्या माहेरची शिकवण. मास्तरांना आंबट सोसत नसे. ते ताजा भात आणि वरण खात.

काहीतरी बिनसलंय हे मला कळलं ते मास्तरांच्या धोतरावरून. भोकं तशीच राहू लागली. एक आठवडा, दोन आठवडे. मी गमतीनं म्हणालोही, "वहिनी रागावल्या काय?" ते म्हणाले, "तिचे हात दुखून राहिले."

मग एके सकाळी वहिनी आमच्या दाराशी वाटीभर भाजी घेऊन आली. कमलनं हात पुढे केला आणि वाटी मधेच खाली पडली. वहिनीनं ती उचलायला हात नेला, तर मनगटापासून पंजा लोंबत होता. वाळलेल्या फांदीसारखा. तिला बोटं वर करता येत नव्हती.

"काल संध्याकाळपासून असंच आहे," ती म्हणाली. "होईन बरं."

कमलनं मला शाळेत निरोप पाठवला. मी मास्तरांना घेऊन आलो. ते पळत आले नाहीत, चालतच आले. घरात शिरल्यावर त्यांनी वहिनीला उजेडात बसवलं.

"दात दाखव."

तिनं लाजत ओठ वर केला. हिरडीच्या कडेला, दातांना लागून, निळसर काळी किनार होती.

मास्तरांनी चुलीपाशी जाऊन गंज आणला. अ‍ॅसिड नव्हतं. त्यांनी कोनाड्यातली मुलांची एक प्रयोगवही घेतली, तिचं कोरं पान फाडलं आणि गंजाच्या आत जोरात घासलं. कागदावर करडी रेघ उठली, पेन्सिलीनं ओढावी तशी. कथलाची अशी रेघ उठत नाही.

"हे कल्हई कवा केली?"

"मांगच्या खेपेस माहेरी गेलती तवा," वहिनी म्हणाली. "संग नेला होता ना गंज. माय म्हने काळा पडला, पाव्हने येतेत, बरं नाई दिसत. गावात कल्हईवाला आला होता."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं नाई."

मास्तरांनी कागद पुन्हा उजेडात धरला.

"तुमी यायच्या घरी म्हनाले, आपली लढाईच्या आदीची," ती सावकाश म्हणाली. तिला कुणाला दोष द्यायचा नव्हता, ती फक्त सांगत होती. "मले वाटलं, तुमाले कागदावरून समजते सगळं. तुमाले ठावं असन."

मास्तर उंबऱ्यावर बसले. हातात तो कागद होता. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अ‍ॅसिड लागतच नव्हतं, पंडितजी. कागद पुरला असता."

मी काहीतरी समजुतीचं बोललो. काय ते आठवत नाही, आणि त्याचा उपयोगही नव्हता. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ते शेवटचे थेंब आमच्या गंजावर गेले होते.

त्यांनी मातीची भांडी आणली. स्वतः चूल पेटवायला शिकले. डॉक्टर बदलले, नागपूरला एका मोठ्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की आत गेलेलं काढून घेणारं खात्रीचं औषध नाही, खाणं बदला आणि वाट पाहा. मास्तरांनी वाट पाहिली. दुसरंही मनगट गेलं. ते तिला घास भरवत, वेणी घालत. त्यांच्या अवघडल्या हातांनी ती वेणी वाकडीच येई, आणि वहिनी म्हणे, "राहू द्या, मले कोन पाहून राहिलं." मग पोटाच्या कळा वाढल्या, अधूनमधून तिचं बोलणं भरकटू लागलं. ती गेलेल्या मुलांना नावानं हाका मारी. त्यांची नावं तिनं ठेवली होती हे मास्तरांनाही तेव्हाच कळलं.

चैत्रात ते तिला तिच्या गावी घेऊन गेले. पंधरा दिवसांनी एकटे परत आले. डोकं भादरलेलं होतं. शाळेत येऊन त्यांनी फळ्यावर तारीख घातली आणि धडा सुरू केला.

पुढची दोन वर्षं त्यांनी शिकवलं, पण 'दिसलं ते लिहा' हे मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. मुलांनी न केलेल्या प्रयोगाचं उत्तर लिहिलं तरी ते सही करत. लढाई संपली. अ‍ॅसिडची नवी पेटी आली, भुशात बांधलेल्या सहा बाटल्या. हेडमास्तर स्वतः ती उघडून दाखवायला घेऊन आले, मास्तरांना आनंद होईल म्हणून. मास्तरांनी बाटल्या मोजून कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली हेडमास्तरांच्या हातात दिली. महिनाभरानं त्यांनी राजीनामा दिला आणि गावी निघून गेले. सुकलू त्याआधीच वारला होता. त्याच्या जागी त्याचा पुतण्या भाता चालवत होता.

मी त्यांना पत्रं लिहिली. दोनांना उत्तर आलं, धानाबद्दल आणि तलावातल्या पाण्याबद्दल. तिसऱ्याला आलं नाही.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात माझी वर्ध्याला परत जायची वेळ आली. निघण्याआधी शाळेच्या कामानं मास्तरांच्या गावाकडच्या तिरोड्याला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. भांड्यांच्या दुकानांच्या रांगेत, उन्हात, मला फुंडे मास्तर दिसले. हाडं वर आलेली, दाढी वाढलेली. बरोबर कुणी नव्हतं. एका खेडूत बाईला त्यांनी थांबवलं होतं. तिनं नुकताच कल्हई करून घेतलेला गंज कडेवर धरला होता. मास्तरांनी परवानगी मागितली, गंज घेतला, खिशातून कागदाचा कपटा काढून आत घासला आणि तिच्यासमोर धरला.

"हे पाय. काळी रेघ. हे शिसं आहे, बाई. याच्यात आंबट शिजवू नको."

बाईनं कागद पाहिला. मग मास्तरांकडे पाहिलं. ती चिडली नव्हती.

"मंग रांधू कायच्यात?"

"मातीत रांध."

"मातीचं माह्या घरी टिकते का? नवऱ्याले राग आला का फोडते."

"मंग आंबट तरी नको रांधू."

"आंबट नाई तं भातावर घालू काय, बाबा?"

मास्तरांनी कागदाचा कपटा खिशात ठेवला. बाईनं त्यांच्या हातातून गंज घेतला, पदरानं आतून पुसला आणि गर्दीत चालू लागली.

मी वीस पावलांवर होतो. हाक मारली असती तर त्यांनी वळून पाहिलं असतं. मला गाडी गाठायची होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण गाडीला अजून तास होता.